रिकाम्या गावचं पाणी

"स्वरांगी, तुझ्या त्या यंत्राक जीव असता काय गो?"

बाबांनी हा प्रश्न भर देवळात विचारला आणि स्वरांगी घाडीची बोबडीच वळली. समोर रवळनाथाची मूर्ती, बाजूला कौलाची फुलं घेऊन उभा असलेला गुरव आणि मागे सगळा नारवळ गाव. सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. बाबा, म्हणजे मधुसूदन घाडी, गावचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि देवासमोर ते एक शब्दही इकडचा तिकडे होऊ देत नसत.

प्रश्न साधाच होता, पण त्यामागची भानगड मोठी होती. नारवळची गावपळण ठरली होती. दर पाच वर्षांनी कौल झाला की तीन दिवस अख्खा गाव शिवेबाहेर राहायला जायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. जिवंत असं काही म्हणता काही मागे ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचा. हे कशासाठी, याच्या दहा गोष्टी दहा म्हातारे सांगत, पण 'यंदा नको' असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. चालकाविना धावणाऱ्या गाड्यांतून फिरणारी मुंबईकर पोरंसुद्धा सुट्टी काढून पळणीला येत.

गेल्या पळणीनंतर मात्र गावात एक नवी गोष्ट आली होती. खाडीच्या काठी, कांदळवनाच्या अलीकडे, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तीन टाक्या. स्वरांगी तिथली प्रमुख, आणि तिच्या हाताखालची एकुलती एक कर्मचारीही तीच. गाव त्या जागेला 'स्वरांगीचो गोठो' म्हणायचा, कारण ती सकाळ-संध्याकाळ टाकीत डोकावून "खाल्लंत काय रे?" असं विचारते हे कोणीतरी ऐकलं होतं.

"बोल गो," बाबा म्हणाले. "देवाक काय सांगू? यंत्र चालू ठेवूचा, काय बंद करूचा?"

बंद? बंद केलं तर आटोपलंच की सगळं!

"यंत्र म्हणजे... पंखे, पंप, वायरी," ती चाचरत म्हणाली. "तेंका कसलो जीव, बाबा?"

बाबांनी मान डोलावली, गाऱ्हाणं घातलं. उजवं फूल पडलं. यंत्र चालू ठेवायला देवाची हरकत नव्हती. लोकांनी 'व्हय म्हाराजा' केलं आणि जो तो बोचकी बांधायला घरी पळाला. स्वरांगी तिथेच खांबाला टेकून उभी राहिली. आपण खोटं बोललो की नाही, हेच तिला कळेना.

पंख्यांना जीव नव्हता हे खरं. पण टाक्यांत होता, आणि किती होता! तिथल्या तपकिरी गाळाची एक बादली भरली तर जगातल्या सगळ्या माणसांहून जास्त जीवाणू तिच्यात निघाले असते. शुद्धीकरणाचं सगळं काम तेच करत, पंखे आणि पंप नुसते त्यांचे नोकर.

माणसाच्या मूत्रातून अमोनिया येतो, म्हणजे नायट्रोजनच. हवेच्या टाकीत काही जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. मग ते पाणी बिनहवेच्या टाकीत जातं. तिथल्या जीवाणूंचा श्वास कोंडतो, तेव्हा ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओरबाडून घेतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुडा होऊन हवेत निघून जातो. फॉस्फरस मात्र असा उडून जात नाही. त्यासाठी तिसरी जात आहे, हावरट. हवा नसताना ही मंडळी पोटातला फॉस्फरस ओकतात आणि हवा मिळाली की ओकलं त्याहून जास्त गिळतात. मग त्यांच्यातले थोडे गाळासकट काढून माडांच्या बुंध्यात घातले की झालं. शेवटच्या टाकीत शेवयांच्या जुडीसारखे पडदे टांगलेले असतात. त्यांची भोकं इतकी बारीक, की पाणी बाहेर जातं आणि जीवाणू आतच राहतात.

पण पडदा जीवाला अडवतो, पाण्यात विरघळलेल्याला अडवत नाही. आणि घोडं इथेच पेंड खात होतं. गाव रिकामा झाला की नळ्या कोरड्या, जीवाणूंना खायला काही नाही. उपाशी राहिले की हे हावरट लोक पोटातलं सगळं सोडून देणार, अमोनिया खाणारे एकेक करून मरणार. त्यांची पैदास इतकी सावकाश, की पुन्हा घडी बसायला महिना-दीड महिना लागला असता. मग गाव परत आला की सगळी घाण जशीच्या तशी खाडीत.

आणि खाडीत तिच्या आईची कालवं होती.

आई, रत्नप्रभा, आणि वाडीतल्या बायका तराफ्यांना दोऱ्या टांगून कालवं वाढवत. हे केंद्र नव्हतं तेव्हा एकदा खाडीत शेवाळ माजलं, पाणी आधी हिरवं झालं, मग तपकिरी. शेवाळ कुजलं, पाण्यातली हवा संपली आणि दोरीवरची झाडून सगळी कालवं तोंड उघडून मेली. आई दोन दिवस जेवली नव्हती. त्याच दिवसांत स्वरांगीने ठरवलं होतं की शिकायचं तर हेच शिकायचं. यंदा कालवं तळहाताएवढी झाली होती, पुढच्या महिन्यात काढायची.

"तुझे ते गोठ्यातले उपाशी रवतले मां तीन दिवस?" घरी कोंबड्या डालग्यात भरताना आईने विचारलं. आईला सगळं ठाऊक होतं. मुलीची बडबड ऐकणारं घरात दुसरं होतं कोण?

"सोय केलंय," स्वरांगी म्हणाली.

सोय अशी की, केंद्र उभारणाऱ्या पुण्याच्या निनाद सबनीसांनी फोनवरून कृती सांगितली होती. काकवी आणि युरियाचं पाणी पिंपात भरायचं, त्याला छोटा पंप लावायचा, तो आपोआप थेंब थेंब टाकीत सोडेल. स्वरांगीने तसं केलं आणि संध्याकाळी गावाबरोबर शिवेबाहेर आली.

व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव ही शीव. त्याच्या बाहेरच्या अंगाला माळावर झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहिल्या. पहिल्या संध्याकाळी नुसती धमाल. चुलीवर बांगड्याचं तिखलं, फुगड्या, गाणी. सरपंच प्रतिभा परब यांनी तालुक्याहून चार फिरती शौचालयं मागवली होती, निळे डबे. त्यांच्यापुढे रात्रीपासूनच रांग लागली. एकाची कडी लागत नव्हती, दुसऱ्याचं पाणी संपलं होतं. कोमट पाण्याच्या फवाऱ्याची सवय झालेला गाव तो! लोक डब्यात शिरायचे आणि नाक दाबून लगेच बाहेर यायचे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी स्वरांगीचा फोन किंचाळला. पंप बंद पडला होता. तिने केंद्राचा कॅमेरा उघडला, तर पिंप काळंभोर. मुंगळे! काकवीच्या वासाने सगळ्या कांदळवनातले मुंगळे लोटले होते आणि पंपाच्या तोंडात त्यांचा लगदा अडकला होता. काकवीवर मुंगळे येणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. तिला आणि सबनीसांना मात्र सुचलं नव्हतं.

ती तशीच उठली आणि साकवाकडे निघाली. साकवाच्या तोंडाशी बाबा काठी टेकून उभे होते.

"खंय चल्लंस?"

"खंय नाय." ती घुटमळली. "बाबा, कोण आत गेलो तर काय होता?"

"पळण मोडली. परत पयल्यापासून तीन दिवस." बाबांचा आवाज कडक झाला. "माझ्या आज्यान आजारी बायलेक डोलीत घालून शिवेभायर हाडल्यान, पण गावात ठेवल्यान नाय. घाड्यांच्या घरातलो पाय आजपर्यंत मागे पडलो नाय गो."

स्वरांगी मागे फिरली. आत जाऊन पंप साफ करावा तर पळण मोडणार, बाबांचा मान जाणार, आणि पुन्हा तीन दिवस म्हणजे मुंगळे परत येऊन जीवाणू तसेही मरणार. न जावं तर आईची कालवं. बाबांना सगळं सांगावं, तर देवासमोर खोटी साक्ष दिल्याचं उघडं पडणार. तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. रात्रभर ती राहुटीत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी तिने धीर करून फोन बघितला. टाकीतला ऑक्सिजन किती वापरला जातो, त्यावरून गाळ किती जोमाने जगतोय ते कळतं. त्याला ती गोठ्याचा श्वास म्हणायची. आदल्या संध्याकाळी तो श्वास मंदावत चालला होता, पण आता चक्क वर चढला होता. जीवाणू जेवले होते!

आधी तिला आनंद झाला. मग तिने डोळे चोळून पुन्हा बघितलं. पंप तर बंद होता. जेवले कुठून?

प्रत्येक वाडीच्या गटारात अंगठ्याएवढा मापक बसवलेला होता. तिने टेंबवाडीचा बघितला. अमोनिया, ताजा. परबवाडी, अमोनिया. गुरववाडी, तिथेही. आकडे रोजच्यासारखे नव्हते, पण शून्यही नव्हते. तिने सबनीसांना फोन लावला.

"मापक बिघडला असेल," सबनीस म्हणाले.

"सगळ्या वाड्यांचे एकदम?"

"बरं, मग गावात कुणीतरी असेल."

"गाव रिकामं आहे, सर."

"अहो, मग हे पाठवतंय कोण?"

चोर शिरले म्हणावं, तर घरं फोडायचं सोडून चोर सगळ्या वाड्यांतली न्हाणीघरं वापरत फिरतील? ते तीन दिवस गाव देवाचा असतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. म्हणजे देवच... छे, छे! असला विचार मनात आला म्हणून तिने स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. दिवसभर ती राहुट्या-राहुट्यांतून माणसं मोजत फिरली. सगळी होती. गुरं होती, पोपट होता. आणि फोनवर आकडे हळूहळू वाढतच होते.

मुक्कामाच्या तिसऱ्या पहाटे, जरा दिसायला लागल्यावर, ती साकवाजवळच्या काजूआड जाऊन बसली.

पहिल्या आल्या सरपंचबाई. तोंडावरून शाल ओढलेली, इकडे तिकडे बघत तुरुतुरु साकव ओलांडून गेल्या. त्या वळणाआड होतात न होतात तोच वरच्या पाणंदीतून दोन मुंबईकर पोरं, बिनआवाजाच्या सायकली हातात धरून. मग लांब कोंडीच्या दगडांवरून व्हाळ ओलांडत, धोतर वर खोचून, चक्क गुरव! स्वरांगीने तोंडावर हात दाबला. जो तो वेगळ्या वाटेने येत होता, चोरासारखा बघत होता, आणि आपण एकटेच आहोत अशा समजुतीत झपाझप गावात शिरत होता. हसावं की डोकं आपटून घ्यावं, तिला समजेना.

मग काठीचा आवाज आला. ठक, आणि मागून फरपटणारा पाय. ती काजूआड आणखी खाली वाकली.

बाबा.

ते साकवावर मध्येच थांबले, देवळाच्या दिशेला हात जोडले, कान पकडले आणि पुढे गेले. स्वरांगीला भडभडून आलं. ती काजूला धरून बसून राहिली. परत येताना बाबांनी तिला बघितलं आणि ते जागच्या जागी थिजले.

"बघलंस?" ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"गुडघो वळना नाय गो. त्या डब्यात बसलंय तर उठवक दोन माणसां लागतत. पयल्या दिवसा बसलंय, भायर पोरां हसत होती." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लाज वाटली. मी एकट्यान गाव बाटवलो, चेडवा. आता देवाक सांगूचा लागतला. परत तीन दिवस. आणि मान... तो दुसऱ्या कोणाक देवदेत."

स्वरांगीने त्यांचा हात धरून त्यांना दगडावर बसवलं. सांगू की नको, असं झालं तिला. पण बापाचा तो पडलेला चेहरा बघून तिच्याने राहवेना.

"बाबा, यंत्राक जीव हा."

"काय?"

"पंख्यांक नाय. पण टाकीत आसत. बारीक जीव. तेच पाणी साफ करतत. मी देवळात बोललंय नाय."

बाबांनी काठी बाजूला ठेवली. "किती आसत?"

"मोजूक येवचे नाय."

"म्हणजे पळण पयल्याच दिवसा मोडलेली?"

"माका कळना नाय, बाबा. खरा सांगतंय, काय्येक कळना नाय." आणि ती रडायलाच लागली. मुंगळे, पंप, कालवं, सगळं तिने रडत रडत सांगितलं. "मेले असते ते. पण जगले. तुम्ही घराकडे जावन इलास, तेच्यावर जगले."

"माझ्या एकट्यार?"

तिने फोन पुढे केला. टेंबवाडी, परबवाडी, गुरववाडी, खालची वाडी. बाबांनी चष्मा सारखा केला आणि एकेक आकडा बोट ठेवून बघितला.

"गुरवाचीय वाडी हा ही?"

"होय."

"आणि ह्यां पुण्याचो सायबय बघता?"

"बघता. पण तेका नुसते आकडे दिसतत."

बाबांनी फोन तिच्या हातात परत दिला, काठी घेतली आणि राहुटीकडे निघून गेले. त्या दिवशी आईने पुढे ठेवलेली पेज तशीच निवली. बाबा खरं सांगणार? सगळ्यांची नावं घेणार? पुन्हा तीन दिवस काढावे लागले तर या खेपेला लोक घाबरून साकवाकडे फिरकणार नाहीत, आणि मग गोठ्यात काय उरेल? स्वरांगीला कशाचाच अंदाज येईना.

चौथ्या सकाळी गाव शिवेवरच्या दगडाभोवती जमला. परतायचा कौल तिथेच घ्यायचा. बाबा पुढे झाले, गुरवाने फुलं लावली. गुरव बाबांकडे बघत नव्हता. सरपंचबाई कोणाकडेच बघत नव्हत्या.

"बा देवा रवळनाथा," बाबांनी आवाज लावला, "तुझो हुकूम झालो, लेकरां शिवेभायर गेली. आज घराकडे परततत, तेंका सुखरूप घरात घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

इथे गाऱ्हाणं संपायचं. पण बाबा थांबले. त्यांनी काठी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले.

"आणि ह्या तीन दिवसांत, जाणून-अजाणून, अडीअडचणीक, पोटाच्या नायतर गुडघ्याच्या वेळेक, कोणाचो पाय साकवापलीकडे पडलो असात... माझोच पडलो असात... तर ती चूक पोटात घाल, रे म्हाराजा!"

मग एकदम,

"व्हय म्हाराजा!"

असा आवाज नारवळात पूर्वी कधी झाला नव्हता. कांदळवनातले बगळे उडाले, गुरं दावणीला हिसके द्यायला लागली. ओरडून झाल्यावर लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि घाईघाईने आपापल्या पायांकडे. गुरवाचा आवाज सगळ्यात मोठा होता, तो आता शेंडीपर्यंत लाल झाला होता.

बाबांचं अजून संपलं नव्हतं.

"आणि डोळ्यांका दिसनत नाय अशी जी लेकरां मागे रवली, आमचा उष्टा-खरकटा खावन जी आमच्या खाडयेक राखतत, तेंकाय तुझीच म्हण, रे म्हाराजा!"

या खेपेला गाव पार बुचकळ्यात पडला. कुठली लेकरं? मागे कोण राहिलं? दोन-चार जण सवयीने पुटपुटले. सगळ्या माळावर एकटीच्या, चिरक्या, रडवेल्या आवाजात स्वरांगी ओरडली,

"व्हय म्हाराजा!"

उजवं फूल पडलं. गाव गुरं सोडून धावत सुटला.

केंद्रावर जाऊन तिने आधी पंपातले मुंगळे काढले, मग टाकीत डोकावली. गाळ थोडा रोडावला होता, पण हवेबरोबर खालवर होत होता. संध्याकाळी अख्ख्या गावाचं पाणी आलं आणि खाडीत गेलं ते नितळ गेलं. ती तराफ्यावर आईकडे गेली. आई एक दोरी वर ओढून कालवं चाचपत होती. सगळ्यांची तोंडं घट्ट मिटलेली.

"वाचली मां?" आईने विचारलं.

"वाचली."

"कोणी वाचवल्यान गो?"

स्वरांगी गोंधळली. देवाने म्हणावं, तर त्याचा नेम मोडून ती वाचली होती. यंत्राने म्हणावं, तर त्याचा पंप मुंगळ्यांनी बंद पाडला होता. बराच विचार करून ती म्हणाली, "बाबांच्या गुडघ्यान."

"तेंच्या एकट्याच्या गुडघ्यान कित्याक?" आई म्हणाली. "ते तुझे उपाशी रवतले म्हणान मी दिवसातना दोनदा जावन येय होतंय." आणि तिने दोरी परत पाण्यात सोडली.